मैदानातली मिटवामिटवी

मैदानाच्या मधोमध माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. खांद्याला खांदे आपटत होते, कोपरं लागत होती, एकजण तर खाली पडला. स्टेजवरचे चौघे ते बघूनसुद्धा वाजवायचे थांबेनात. उलट त्यांनी वेग वाढवला. सुंदररावांनी टोपी घट्ट केली आणि ते भांडण सोडवायला निघाले. त्यांची मुलगी आरोही मागून ओरडून काहीतरी सांगत होती. गिटारच्या आवाजात त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

घाटनांदूरच्या तंटामुक्ती समितीचे ते बरीच वर्षं अध्यक्ष होते. बांधावरून, नळावरून, म्हशीवरून लागलेली भांडणं त्यांनी मिटवली होती. त्यांची एक रीत होती. मार खाणाऱ्याला मागं ओढायचं नाही. जो जास्त चवताळलाय, त्याला समोरून मिठी मारायची. मिठीत हात उगारता येत नाही. थोड्या वेळानं माणूस आपोआप ढिला पडतो.

बायको, वनमाला, गेली आणि त्यांनी समिती सोडली. घराबाहेर पडणंही सोडलं. भाकरी समोर आली तर खायची, कुणी बोललं तर हूं म्हणायचं. सांत्वनाला सगळं गाव येऊन गेलं होतं. बाया आरोहीच्या गळ्यात पडून रडल्या. पुरुष ओसरीवर ओळीनं बसले, तंबाखू मळली, आपल्या हातात काय हाय म्हणाले आणि उठले.

आरोही संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकत होती. आई गेल्यापासून ती गावीच होती. आप्पांना असं सोडून जायला तिचा पाय निघत नव्हता. कॉलेजच सोडते, असं ती म्हणायला लागली होती. तेवढ्यात बंगळूरचा तिचा आवडता बँड संभाजीनगरला येणार असं कळलं. थ्रॅश मेटल नावाचं रॉक संगीत वाजवणारा, जुना. पोरीला एकटीला आत सोडत न्हाईत, तुमीच चला, असं तिनं आप्पांना खोटंच सांगितलं. थ्रॅश म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. लई जोरात अन् लई पटपट, ती म्हणाली. बँडवाले आप्पांच्याच वयाचे निघाले. गिटार वाजवणाऱ्याचे पांढरे केस कमरेपर्यंत होते.

सुंदररावांनी घोळक्यातला सगळ्यात धिप्पाड गडी हेरला. काळा टी-शर्ट, दाढी छातीपर्यंत, दंडावर कवट्या गोंदलेल्या. त्यांनी त्याला समोरून मिठी घातली.

"बस झालं बे. मरंल एखादा."

गडी थांबला. त्यानं पायजमा बघितला, टोपी बघितली. मग दोन्ही हातांनी त्यांना असं आवळलं की त्यांचे पाय जमिनीवरून सुटले.

"काका, कुठले तुमी?" त्यानं त्यांच्या कानात विचारलं.

"घाटनांदूर."

"मी दिंद्रुडचा, तुमच्याच जिल्ह्यातला. उत्तरेश्वर." आणि त्यानं पुन्हा आवळलं.

तेवढ्यात मागून धक्का बसला आणि दोघंही कोसळले. सुंदरराव जमिनीला टेकतात न टेकतात तोच चारी बाजूंनी हात आले. कुणी काखेत धरून उभं केलं. कुणी पाठीवरची माती झटकली. एका पोरीनं टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. मघाशी एकमेकांना ढकलणारी हीच माणसं होती. वनमाला गेल्यापासून आपल्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता, हे सुंदररावांच्या तिथं लक्षात आलं.

गाणं संपलं. आरोही वाट काढत पोचली तेव्हा ते घामानं निथळत होते. डोळे पुसत होते आणि हसतही होते. ती घाबरली. लागलं का, पाणी आणू का, गावाकडं जायचं का, असं एकामागून एक विचारत सुटली.

"आप्पा, भांडण न्हाई ते," ती म्हणाली. "नाचायलेत सगळे. कुणाचं कुणाशी वैर न्हाई."

स्टेजवर ड्रम पुन्हा सुरू झाले. सुंदररावांनी खिशातला मोबाईल काढून तिच्या हातात दिला.

"कवाच कळलं मला," ते म्हणाले. "तू सोमवारी गुमान कॉलेजला जा. अन् आता सर बाजूला. मिठी मारायला अजून लई जण राहिलेत."