एकही थेंब नाही

शेळगावच्या दत्तोबांची जीप जुनी झाली होती. पण कंपनीच्या वर्कशॉपची पायरी चढायची नाही, या हट्टापायी गिअरबॉक्सचं ऑइल ते स्वतःच बघायचे. त्या वर्षी भरलेलं ऑइल आठवड्यात कमी व्हायला लागलं. ते रोज सकाळी जीपखाली वाकून बघत. सारवलेल्या अंगणात एक थेंब नसायचा.

"गळत न्हाय, मंजी कुणीतरी काढतंय," म्हणत त्यांनी ड्रायव्हर हरिबावर पाळत ठेवली आणि एक दिवस चावी काढून घेतली.

"तात्या, पोराची आन, म्या हात न्हाय लावला," एवढंच बोलून हरिबा गेला.

चोर गेला म्हणून दत्तोबांनी ऑइल बघणंही सोडलं. महिन्याभरात भवानीनगरच्या रस्त्यावर गिअरबॉक्स जाम झाला. जीप ओढून बारामतीला वर्कशॉपात न्यावी लागली. मिस्त्री म्हणाला, "सील कवाच फाटलंय. जिमिनीवर डाग दिसला न्हाय व्हय?"

घरी येऊन दत्तोबांनी तेच बायकोला विचारलं.



"डाग ऱ्हाईल कसा?" मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमाला अंगणात घाण खपत न्हाय. तुमी उठायच्या आत रोज काळं खरवडून वरनं सारवत हुते मी."