प्लायवूडच्या पलीकडे

नसरापूरजवळच्या संरक्षण प्रयोगशाळेत नवे साहेब आले आणि गोपनीयतेच्या नावाखाली त्यांनी अख्खा हॉल प्लायवूड ठोकून खुराड्यांसारखा करून टाकला. आपसात चर्चा बंद. जे काय विचारायचं ते लेखी, साहेबांमार्फत.

शेफालीनं बनवलेला पॅराशूटचा हूक थंडीत सुटत नव्हता. हूक सुटला नाही, तर जमिनीवर उतरलेला जवान वाऱ्याबरोबर फरफटत जाणार. तिनं धातू विभागाला लेखी विचारलं, आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर वाळत पडला. धातू विभागाचे मन्सूरभाई भिंतीपलीकडेच बसायचे. त्यांची शिंक इकडे यायची, उत्तर तेवढं येत नव्हतं.

शेवटी भोरची शेअर रिक्षा भरायची वाट बघताना तिनं त्यांना गाठलंच.

"अवो मॅडम, गारठ्यात तुमच्या हुकाची खाच आकसती आन् आतली पिन धरून बसती! दोन्हीला एकच धातू वापरा. आदी इचारायचं न्हाई व्हय?"

"विचारलं की! लेखी!"

"मग मुरत आसंल लोणच्यावानी."

पिन बदलली आणि चाचणी पास झाली. साहेबांनी सत्काराच्या भाषणात सगळं श्रेय खोल्यांमधल्या शांततेला दिलं. शेफालीला गळ्यातल्या हाराचीही किळस आली. न राहवून ती म्हणाली, "सर, हे मला आणि मन्सूरभाईंना रिक्षा स्टँडवर बोलताना सापडलं."



दुसऱ्याच दिवशी साहेबांनी दोघांना घरी सोडायला ऑफिसच्या गाड्या मंजूर केल्या. वेगवेगळ्या.