खांदेमळणी

धावड्यात कुणाला साप चावो, नाहीतर एखादी बाई अडो, तालुक्याच्या दवाखान्याला तातेरावांचीच बैलगाडी जायची. चाकांना वंगण घातलेलं, कडब्यावर गोधडी अंथरलेली. गाडी बारा महिने तयार असायची. आणि ऐन पोळ्याला पळसाच्या फांद्या तोडायला गेलेल्या त्यांच्या सालगड्यालाच, रामकिसनला, साप चावला.

"मालक, जल्दी गाडी जुपा!" त्याची बायको गोजरबाई ओरडत आली. तिच्या मागोमाग लोकांनी रामकिसनला बाजेवर घालून आणलं.

तातेराव गोठ्याकडं धावले. बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झुली. बहात्तरच्या दुष्काळात रामकिसननंच झाडपाला घालून जगवलेली ही जोडी. तातेरावांनी जुवाला हात घातला, तर बाजेवरून रामकिसनच म्हणाला, "नगा मालक. आज पोळा हाय. कालच खांदे मळलेत म्या त्यायचे. मी जातो असाच बाजेवर."

तातेरावांचा हात मागं आला. पोळ्याला बैलांच्या खांद्यावर जू ठेवलं तर पाप लागतं, असं त्यांनाही वाटतच होतं. त्यांनी चार धडधाकट माणसं दिली, गाडीतली गोधडी बाजेवर घातली. माणसं चिखल तुडवत निघाली.

दवाखान्यात सापावरची लस होती. बाज पायरीपर्यंत पोचली, रामकिसन पोचला नाही.

दिवस मावळताना तातेरावांनी झुली उतरवल्या. त्याला घरी आणायचं होतं. आता पापाचं नाव कुणी काढलं नाही. त्यांनी जू उचललं, तशा बैलांनी आपणहून माना खाली घातल्या. रामकिसननं त्यांना सवयच तशी लावली होती.