गाळलेली पानं

“धाकटी मुलगी मधेच कुठे जाते, ते लेखिका सांगतच नाही. एक शब्द नाही! ऋचा, अगं, हीच तर या पुस्तकाची कमाल आहे,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. आवाज अगदी वर्गातल्यासारखा चढला होता. आत ओट्यापाशी कपांत चहा ओतणाऱ्या श्रीनिवासरावांचा हात तिथल्या तिथे थांबला.

जन्मभर जर्मन शिकवलं बाईंनी. निवृत्त झाल्यावर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं, यंदा बारा जर्मन कादंबऱ्या वाचणार, मूळ भाषेतून, कोण येतंय बरोबर? हो-हो म्हणणारे पुष्कळ निघाले, टिकली एकटी ऋचा. आणि दुसरं पुस्तक संपतंय न संपतंय तोच बाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरच्याचा चेहरा दिसेना, तिथे अक्षरं कुठली दिसायला!

तेव्हा श्रीनिवासरावच मिशीवर ताव देऊन म्हणाले होते, “मी वाचून दाखवीन. अक्षरं इंग्रजीचीच ना? झालं तर मग!” उच्चार बाईंनी घोटून घेतले. अर्थाशी रावांना कर्तव्य नव्हतं. लहानपणी आजोबांसमोर मांडी घालून रुद्र म्हणायचे, तोही अर्थ न कळताच. रोज संध्याकाळी ते खड्या आवाजात जर्मन म्हणायचे, बाई डोळे मिटून ऐकायच्या, मधेच खुदकन हसायच्या. त्या हसल्या की रावांनाही बरं वाटायचं.

पण सारसबागेतला मित्रांचा कट्टा काही कोणासाठी थांबत नाही, आणि जर्मन माणूस वाक्य संपवायचं नाव घेत नाही. एका संध्याकाळी रावांनी दोन-चार पानं एकदम उलटली. बाईंना कळलं नाही. मग काय, सवयच लागली. परवा तर अख्खं प्रकरण गेलं.

चहाचा ट्रे घेऊन ते बाहेर आले. बाई अजून रंगात होत्या. “मोठी बहीण टेबलावर दोन कप मांडते आणि त्यातला एक परत ठेवून देते. बस्स! धाकटीचं नावसुद्धा नाही. मला तर झोप लागेना गं. न सांगता सांगणं म्हणतात ते हे!”

“पण मॅडम...” ऋचा घुटमळली. “सांगितलंय की. अख्खं प्रकरण आहे. तळ्यावरचा बर्फ फुटतो आणि ती बुडते. मी मांजरी गावच्या बसमध्ये वाचत होते, इतकी रडले की शेजारच्या काकूंनी पाणी दिलं.”

बाईंनी मान वळवली. दिसत काही नव्हतं, तरी बरोबर ट्रेच्या दिशेने वळवली. आता ही म्हणणार, ‘यांनी पानं गाळली’, आणि आपण मेलो, असं रावांना झालं.

“अगंबाई, हो की!” बाई हसून म्हणाल्या. “विसरलेच मी. हल्ली काही म्हणून लक्षात राहत नाही बघ. वय झालं.”

पन्नाशीला आलेल्या विद्यार्थ्यांचे हजेरी नंबर अजून तोंडपाठ असलेली ही बाई. आपल्या लाडक्या विद्यार्थिनीसमोर स्वतःला विसरभोळी म्हणवून घेत होती, आणि ज्याने तोंड उघडायचं तो ट्रे धरून उभा. “चहा घ्या,” एवढंच काय ते रावांच्या तोंडून निघालं.

निघताना ऋचा दारात घुटमळली. “सर,” ती हळूच म्हणाली, “मॅडम कधीपासून असं विसरतायत? एवढं मोठं प्रकरण... डॉक्टरांना दाखवा हं वेळेवर. माझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं.”

पोरीचे डोळे भरून आले होते. जिभेवर आलेलं रावांनी गिळलं. “हो, हो. दाखवतो,” ते म्हणाले. दार लावलं आणि त्यांना स्वतःची अशी काही लाज वाटली की खोलीकडे पाऊलच उचलेना.

“मग? कधी दाखवताय मला डॉक्टरांना?” आतून आवाज आला. “डोळे गेलेत माझे. कान शाबूत आहेत.”

राव येऊन समोर उभे राहिले. “मंदा, मी पानं गाळली. कट्ट्यावर जायला उशीर होतो म्हणून. मला वाटलं, तुला कळणार नाही.”

“नाहीच कळलं. विश्वास होता ना.” बाईंचा आवाज कापला. “लेखिकेच्या नसलेल्या कलेचं कौतुक करत बसले मी दोन दिवस. त्या पोरीसमोरसुद्धा! बसा आता. वाचा ते प्रकरण.”

खिशात मोबाइल वाजला. कट्ट्यावरच्या संपतरावांचा फोन होता. रावांनी तो कट केला आणि पुस्तक उघडलं.

ते सावकाश वाचत गेले, एकही शब्द न सोडता. अर्थ आजही कळत नव्हता. पण एका ओळीशी बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं, आणि धाकटी तिथे गेली हे रावांना समजलं. तरी न थांबता त्यांनी प्रकरण शेवटापर्यंत वाचलं.

मग रावांनी चष्मा पुसला, परत घातला आणि मोबाइलवर ऋचाचं नाव शोधलं. रिंग जाऊ लागली तसे ते उठून गॅलरीकडे निघाले.

“इथेच बसा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “आणि स्पीकरवर ठेवा.”