वाटी वाजते तोवर

"डोळे मिटा. आता मी वाटी वाजवणार. आवाज ऐकत राहायचं, अगदी शेवटपर्यंत. ऐकू यायचा थांबला की हळूच हात वर."

ताईने पितळेच्या वाटीवर लाकडी दांडीने टोला दिला. बालवर्ग चिडीचूप झाला.

बाई दाराशी उभ्या होत्या. वर्ग त्यांचा. या पोरांची नाकं पुसली त्यांनी, बुटांचे बंद बांधले त्यांनी. आणि ही कालची पोरगी सजगतेचा तास म्हणून एक वाटी घेऊन येते काय, पोरं तिच्यावर जीव टाकतात काय!

वाटीचा आवाज विरला. एकही हात वर झाला नाही.

बाई वाट बघत राहिल्या. पोरं मिटल्या डोळ्यांनी, गालातल्या गालात हसत बसलेली. बऱ्याच वेळाने एक हात वर गेला, मग दुसरा, मग बाकीचे.

सोंग! ताईला आवडतं म्हणून पोरं बसून राहतात, आणि ही खुशाल शाबासकी देते.

तास संपला. "ताईऽऽ" करत पोरं धावली. बाईंना तेच जास्त झोंबलं. तिला लांबून हाका, आणि बाईंकडे काही हवं असलं की मुकाट्याने येऊन कोपर ओढायचं. बाईंचा सगळ्यांत लाडका बडबड्या, तोसुद्धा हल्ली त्यांच्याशी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा.

"नीट बोल की रे! ताईपाशी बरं तोंड उघडतं!"

बडबड्याने खाली बघितलं आणि पुन्हा त्यांचं कोपर ओढलं. त्याला पाणी हवं होतं.

दुपारी मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या सत्रापासून बालवर्ग ताईकडे द्यावा म्हणते. तुम्ही ग्रंथालय बघा. मुलांच्या आया म्हणतात, बाई फार ओरडतात."

"मी? मी कधी ओरडले?"

मुख्याध्यापिकांनी उठून दार लावून घेतलं.

"आणि ती ताई काय शिकवते हो?" बाई म्हणाल्या. "सोंग! आवाज कधीच थांबलेला असतो, पोरं आपली डोळे मिटून बसलेली. उद्या स्वतः येऊन बघा. माझं खोटं निघालं तर वर्ग मी आपणहून सोडते."

त्या संध्याकाळी बाईंनी देवापुढे हात जोडले आणि एवढंच मागितलं: खरं काय ते सगळ्यांसमोर येऊ दे.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका आल्या आणि पोरांच्या ओळीतच मांडी घालून बसल्या. त्यांना तसं बसलेलं बघून पोरं खुसखुसली. मागे एक सुतार कपाटाची फळी ठोकत होता. आजच पहिल्यांदा शाळेत आलेला. बाईंनी त्याला थांबवलं.

"सुतारकाका, जरा दम धरा. फुकटची गंमत बघायला मिळेल."

ताईने टोला दिला.

या वेळी बाईंनीही डोळे मिटले. नाद उमटला, वर्गभर फिरला, बारीक होत गेला, संपला. बाईंनी ताडकन हात वर केला आणि विजयाने डोळे उघडले.

दुसरा एकही हात वर नव्हता. बडबड्या भुवया उंचावून, ओठ मिटून बसला होता. मुख्याध्यापिकांचे हात मांडीवर, डोळे मिटलेले.

म्हणजे यांनाही हिने भुलवलं! बाई सुताराकडे वळल्या. हा तरी ताईच्या गोतावळ्यातला नव्हता.

"संपला ना हो आवाज? ठोका तुमची फळी!"

सुताराने मान वाटीच्या दिशेने कलती केली होती. त्याने दचकून ओठांवर बोट ठेवलं, मग बाईंच्या अगदी कानाशी वाकून म्हणाला,

"अजून वाजतेय की, बाई."