तीन वर्षांची मालकीण

"मकान कुणाचं विकताय?" ऑडिटर मुकुंदरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आईचं," संदेश म्हणाला.

"आणि मलकपेठेतला फ्लॅट कुणाच्या नावानं बुक केलाय?"

"माझ्या."

"मग भरा विक्रीच्या नफ्यावर टॅक्स. जिच्या नावाचं घर विकलं, तिच्याच नावानं नवं घेतलं तर सूट. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी विचारायचं होतं की."

तारामती खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होती. फ्लॅट बुक झालाय हे तिला आत्ता, परक्या माणसाच्या टेबलासमोर कळत होतं. सरकारचं नवं बांधकाम धोरण आल्यापासून, तिचं घर असलेल्या बरकतपुऱ्यात जुनी घरं पाडून अपार्टमेंटं उठत होती. बिल्डरचा माणूस घर बघून गेला तेव्हा तिचे यजमान, नामदेवराव, म्हणाले होते, नुसता भाव विचारतोय.

प्लॉट तिच्या बापानं दिलेला, नांदेडकडच्या शेताचा तुकडा विकून, लेकीच्या नावानं. भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं ते तिनंच. मग सिकंदराबादला रेल्वेचं क्वार्टर मिळालं आणि घर किरायानं गेलं. किराया नामदेवराव आणत, रिटर्नवर सही तेवढी ती करी. येत्या उन्हाळ्यात ते रिटायर होणार, क्वार्टर सुटणार, मग आपण आपल्या घरी जाऊ, असं ती धरून चालली होती. वेडी कुठली.

शेजारी बसलेल्या नामदेवरावांनी घसा खाकरला. "मग फ्लॅट हिच्याच नावानं करून टाकू. त्यात काय एवढं."

संदेशचा चेहरा पडला. "शिल्पाला काय सांगू, बाबा? तिनं पडदेसुद्धा निवडलेत."

"अरे, बायकोला सांग, कायमचं थोडंच आहे," मुकुंदराव म्हणाले. "तीन वर्षं हात लावायचा नाही, नाहीतर सूट जाते. मग आई देईल तुझ्या नावावर करून."

"आणि मधेच काही झालं तर? म्हणजे, आईला?"

"तर मग प्रश्नच मिटला. वारसांनाच येतो. टॅक्स नाही, काही नाही."

संदेशनं मान डोलावली. नामदेवरावांनीही डोलावली.

तारामतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या देखत तिच्या मरणाचा फायदा-तोटा बघून झाला होता, आणि एकाचीही जीभ अडखळली नव्हती. पोटचा पोरगा, आणि ज्याच्याबरोबर जन्म काढला तो नवरा.

मुकुंदरावांनी विक्रीचा करार तिच्यापुढे सरकवला. "अम्मा, इथं सही."

"नक्को," ती म्हणाली.

"आई, इथं तमाशा नको करू," संदेश दबक्या आवाजात म्हणाला.

"तमाशा तुम्ही मांडलाय. मी जिती-जागती इथं बसलेय आणि तुमची वाटणी उरकली."

"अगं, आता तुझ्याच नावानं घेतोय ना?" नामदेवराव म्हणाले.

"हौ, तीन वर्षं. त्यात मेले तर अजून बरं." तिनं करार हातानं परत ढकलला. "माझ्या बापानं तीन वर्षांसाठी नव्हता दिला प्लॉट. किरायदाराला आजच निरोप द्या. उन्हाळ्यात मी राहायला जातेय. तुम्हाला यायचं असलं तर या. नाहीतर जा लेकाच्या फ्लॅटात, पडदे बघत बसा."

ती उठली. कुणाकडे न बघता जिन्यानं खाली उतरली.

"येईल ताळ्यावर," नामदेवराव म्हणाले. "आण इकडे." त्यांनी करार जवळ ओढला आणि पेन उघडलं.

मुकुंदरावांनी कागदावर हात ठेवला.

"तुमची नाही चालत, नामदेवराव."