उभे चित्र

माझे सासरे कृष्णा, यजमान साबाजी, पुत्र बाबल: तिघांनी देवळोदेवळी लोकांपुढे चित्रे उभी धरून कथा गायल्या. नातू दिगंबर शहरात चित्रकला शिकून आला. आमची विद्या त्याच्यात उतरली काय, हे मला जाणायचे होते.

माझी दृष्टी गेलेली. जगप्रसिद्ध चित्रांचे पुस्तक मांडीवर पसरून तो सनावळ्या सांगू लागला.

“पुस्तक उभा धर,” मी बजावले. “निजलेला चित्र बोलना नाय.”

पान फडफडले. “पुलावर एकजण कान दाबून किंचाळतोय, आजी. मागे दोघे निवांत चाललेत.”

“ते कित्याक थांबाक नाय?”

त्याने चित्रावर बोटाने टकटक केली. मग बापाच्याच चढ्या सुरात गाऊ लागला, “तेंका नुसती सांज दिसता, आजये. हेका तिची आरोळी ऐकाक येता.”

माझ्या काळोखात आकाश तांबडे झाले. वाडवडिलांचे ऋण त्याने पुरते फेडले.